शिवण्णांचा तराफा

आमच्या गावामागच्या धरणात उन्हाळ्यात जेमतेम छातीएवढं पाणी उरतं आणि शिवण्णांची होडी ते दहा मिनिटांत पार करायची. तरी होडीमागं दोरीनं बांधलेला एक तराफा कायम तरंगत असायचा. ट्रॅक्टरच्या चार फुगवलेल्या ट्यूबा, वर बांबूची ताटी, आणि ट्यूबांवर दर सोमवारी ओढलेले विभूतीचे पट्टे. होडी बुडालीच तर माणसं कुठं बसवायची, याची ही सोय. इतक्या वर्षांत ती एकदाही बुडाली नव्हती, याचं शिवण्णांना थोडं वाईटच वाटत असावं.

पलीकडच्या शाळेत मी मास्तर, त्यामुळं रोज त्यांच्या तावडीत सापडायचो. वल्हं हातात घेण्याआधी ते पंपानं ट्यूबांत हवा मारायचे, गाठी ओढून बघायचे, मग हजेरी. ते एकेकाचं नाव घ्यायचे आणि त्यानं "हाय" म्हणायचं. भाजी विकायला निघालेली गंगक्का नुसती मान हलवायची, ते चालायचं नाही. मी शाळेतसुद्धा इतकी कडक हजेरी कधी घेतली नाही.

तराफ्यावर एक डबाही बांधलेला होता. त्यात कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी, आठ उतारूंना दोन दिवस पुरेल इतकी. दहा मिनिटांच्या वाटेला दोन दिवसांचं जेवण कशाला, असं मी एकदा विचारलं.

"मग वाचलेलं माणूस उपाशी ठिवायचं व्हय, मास्तर?" एवढं बोलून ते हवा मारत राहिले.

दर शनिवारी डब्यात नव्या भाकऱ्या यायच्या आणि जुन्या आम्ही संपवायच्या. बायको गेल्यापासून त्या ते स्वतःच थापायचे. खोटं कशाला बोलू, झकास असायच्या. गंगक्का तर शनिवारी भाजी नसली तरी होडीत येऊन बसायची.

अखेर एका उन्हाळ्यात होडीला भोक पडलं. पाणी घोट्यापर्यंत आलं आणि शिवण्णांचा चेहरा उजळला. मी घाबरून बाहेर उडी टाकली, तर पाणी कमरेएवढं. तसाच काठाकडं चालायला लागलो.

"कुठं जायलात, मास्तर? आधी तराफ्यावर बसा, मग उतरा."

मी मुकाट्यानं मागं फिरलो. आठही जण तराफ्यावर बसलो, हजेरी दिली, भाकरी खाल्ली आणि मग उतरून चालत काठावर गेलो.

यंदा पूल झाला. बस तीन मिनिटांत पलीकडं नेते आणि कंडक्टर कुणाचं नाव विचारत नाही. महिनाभर मीही बसनंच गेलो. मग एका शनिवारी पुलावरून खाली नजर गेली. रिकाम्या होडीमागं शिवण्णा ट्यूबांत हवा मारत होते. मला माझीच लाज वाटली. पुढच्या थांब्यावर उतरून काठाकाठानं मागं आलो.

त्यांनी डबा उघडून पुढं केला. आत चार शनिवारच्या भाकऱ्या एकावर एक रचलेल्या होत्या.

"एकट्याला सरत न्हाईत, मास्तर," ते म्हणाले.

मी होडीत बसलो. त्यांनी माझं नाव घेतलं, मी "हाय" म्हणालो. मग सवयीनं त्यांच्या तोंडून गंगक्काचं नाव निघालं आणि त्यांची नजर तिच्या रिकाम्या जागेवर गेली.

"हाय," मीच म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उरलेली सहा नावंही त्यांनी सावकाश घेतली. प्रत्येक नावाला मी "हाय" म्हणालो, तेव्हा कुठं होडी सुटली.