उत्तमकाकांचा पाण्यातला वळसा

उत्तमकाका थोडं चालले की थांबतात, पूर्ण मागं वळतात, आलेला रस्ता डोळे बारीक करून बघतात आणि मग पुढं निघतात. या सवयीपायी मेहकरच्या बाजारात एकदा वांग्यांची पाटी आडवी झाली. वांगेवालीनं विचारलं, "मागं कोणी लागलं का तुमच्या?"

"कोणी नाही बाई. जातानाचा रस्ता येताना येगळा दिसते. म्हून पाहून ठेवून राह्यलो."

काका बरीच वर्षं मालवणला पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला शिकवत. आता आमच्या पुनर्वसित वसाहतीत माझ्या शेजारी एकटेच राहतात. मनगटावर घड्याळाच्या जागी होकायंत्र. पाहुण्यानं संडास कुठं विचारलं की सांगतात, "आग्नेयेले." घाईचा पाहुणा आधी सूर्य शोधतो.

माझं काम पत्रकं काढायचं, तेव्हा स्पष्टच लिहिते. धरणात बुडालेल्या आमच्या जुन्या गावात बौद्धवस्तीची स्वतःची विहीर होती. पुनर्वसन खात्याचे साहेब म्हणतात, नव्हती. म्हणून नव्या वस्तीलाही विहीर नाही. गाव बुडवायचं यांनी आणि पुरावा मागायचा आम्हाला! आमच्या बायका अजून दुसऱ्याच्या शेतातून पाणी आणतात. पुरावा पाण्याखाली होता, म्हणून काकांना गाठलं.

काकांनी आधी मला शेततळ्यात डोळ्यांवर फडकं बांधून पोहायला लावलं. मी चिडले. "डोये काऊन बांधले?"

"खाली काय उजेड लावून ठेवला हाये तुह्यासाठी?"

नव्हताच. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आम्ही हवेचे सिलिंडर लावून धरणात उतरलो, तेव्हा खाली चहाच्या रंगाचा अंधार होता. दोघांमध्ये दोरी. काका होकायंत्र डोळ्यांशी धरून, भिंती चाचपत चालले. जुना नकाशा मला पाठ होता. शाळेपासून विहिरीपर्यंत सरळ गल्ली. काका मात्र भलतीकडं वळले. मी दोरी ओढली, हवेचा काटा दाखवला. त्यांनी हात हलवला आणि एका दगडी ओट्यापाशी जाऊन थांबले. नुसते थांबले. माझी हवा वाया चालली होती.

रागानं पाय झाडले तसा गाळ उठला. काहीच दिसेना. वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. तेवढ्यात काकांनी माझा पंजा धरून माझ्याच बुडबुड्यांवर ठेवला. ते पळत होते तिकडं वर. जीव ठिकाणावर आला. आज मी हे लिहिते आहे, ते त्या हातामुळं.

मग विहीर सापडली. काठाचे दगड, दोराच्या घासानं पडलेल्या खाचा. सगळं कॅमेऱ्यात आलं.

धरणाच्या काठावर येताच मी सुटले. "सरळ गल्ली सोडून वळसा? आपल्या लोकांना गावाबाहेरून चालायला लावायचे, तोच ना हा? पाण्यातसुद्धा? मी छापणार."

"तो वळसा होता गावात. लिही, जोरात लिही. पण हा तो नाही." काका सिलिंडरचे पट्टे सोडत बसले. "तो ओटा कमलच्या, माह्या बायकोच्या माहेरचा. ती बिमार होती, माय तिची सेवा करे. मी मालवणले निघालो, यष्टी सुटून राह्यली म्हून सरळ गल्लीनं धावत गेलो. ओट्याकडे वळून 'येतो' म्हटलं नाही. वापस आलो तं ती नव्हती."

मी दोरी गुंडाळायला घेतली.

"तवापासून सरळ गल्लीनं जात नाही मी," काका म्हणाले.

विहीर मंजूर झाली. पत्रकात दगडांवरच्या खाचांचा फोटो छापला. ओट्याबद्दल एक अक्षर नाही. वस्तीतल्या बायका काकांच्या दारात पहिली घागर ठेवून गेल्या. काकांनी ती दिवसभर आत नेली नाही, नुसते बघत बसले.

आता संग्रामपूरला सभेसाठी निघताना उशीर झाला असला तरी मी त्यांच्या दारात थांबते.

"येते, काका."

"हाव. ये."