फ्लेक्सवर गेलेलं पेटंट

यशोदाबाई पोह्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांची सून स्वरूपा लॅपटॉपवर आपल्याच सासऱ्यांचा फोटो बघत होती. फोटोत वाईट काही नव्हतं. रंगराव त्यात नेहमीसारखेच दिसत होते, हात जोडलेले, छाती पुढे. वाईट एवढंच होतं की तो फोटो पेटंट कार्यालयाकडून आला होता.

मोशीत जुन्या घराला लागून पत्र्याची शेड होती आणि नोकरी सोडल्यापासून स्वरूपाचं सगळं काम त्याच शेडमध्ये चालायचं. चाकणच्या कारखान्यांत आता ड्रायव्हरशिवाय गाड्या सुटे भाग घेऊन फिरतात. त्यांना "थांब" हा निरोप हवेतून जातो. त्याच हवेतून कॅमेऱ्यांची चित्रं, यंत्रांचे अहवाल आणि मॅनेजरसाहेबांची मीटिंगही जात असते. गर्दीत "थांब" उशिरा पोचला तरी गाडी थांबते, पण भिंतीला टेकून.

तातडीचा निरोप आधी सोडावा हे कुणालाही सुचतं. स्वरूपाचा शोध त्याच्या पुढचा होता. चाललेल्या मोठ्या निरोपांपैकी कोणता मधेच तोडला तरी खराब होणार नाही, हे तातडी उद्भवायच्या आधीच ठरवून ठेवायचं आणि त्या निरोपालाही तशी कल्पना देऊन ठेवायची. मग ऐन वेळी कुणाला विचारायला नको. कागदावर याचे चार चौकोन होते आणि तिसऱ्या चौकोनात सगळा जीव होता. एक गाड्या बनवणारी कंपनी ही पद्धत घ्यायला तयार होती, पण पेटंट मिळालं तरच. नाही मिळालं तर ती पद्धत कुणीही फुकट वापरायला मोकळा, आणि स्वरूपाने पुन्हा कंपनीची बस पकडायची.

आता एका बड्या कंपनीने तिच्या अर्जाला विरोध नोंदवला होता. म्हणणं एका ओळीचं होतं: या बाईंनी पेटंटचा अर्ज करण्याआधीच आपला शोध मोशीच्या चौकात फ्लेक्सवर लावला होता. जे अर्जाआधी जगाला दाखवलं, त्याचं पेटंट मिळत नाही. सोबत पुरावा म्हणून फ्लेक्सचा फोटो.

फ्लेक्स खरा होता. तीन वर्षांपूर्वी शेडमधली पहिली चाचणी यशस्वी झाली, तेव्हा स्वरूपाने आनंदाच्या भरात घरात चार चौकोन समजावून सांगितले होते. रंगरावांना त्यातलं गाडी थांबते एवढंच कळलं, पण अभिमान वाटायला तेवढं पुरेसं होतं. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि तडक एहसानच्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी चौकात स्वरूपा झळकली, शेजारी चार चौकोनांची आकृती आणि वर मोठ्या अक्षरांत काव्य:

सूनबाईंची कमाल न्यारी,
वायरशिवाय थांबते लॉरी.

आपल्याकडे फ्लेक्सवरच्या चेहऱ्यांचा हिशेब पक्का असतो. कुणाचं वजन किती हे त्याच्या चेहऱ्याच्या मापावरून कळतं, आणि ज्याचा वाढदिवस असतो तो बहुतेक वेळा कोपऱ्यात सापडतो. रंगरावांनी शुभेच्छुक म्हणून भावकी घेतली, भजनी मंडळ घेतलं, आणि शत्रूही राहू नयेत म्हणून दोन शत्रू घेतले. त्यानंतर महिनाभराने स्वरूपाने अर्ज केला. फ्लेक्सलाही प्रकाशन म्हणतात हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. फ्लेक्स वाचायला असतो, असं मोशीत तरी कुणाला वाटत नव्हतं.

स्वरूपाची पेटंट एजंट योगिनी पिंपळे गुरवला राहायची. ती त्याच संध्याकाळी आली, सगळी कागदपत्रं वाचली आणि म्हणाली की एक वाट आहे. शोध लावणाऱ्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणी तो छापला, आणि शोध लावणाऱ्याने मग वेळेत अर्ज केला, तर कायदा त्याला माफ करतो. फक्त ज्याने छापलं त्याने तसं प्रतिज्ञापत्र द्यायला हवं.

सगळ्यांच्या नजरा रंगरावांकडे वळल्या.

"म्हंजी मी सुनंचं चोरलं, असं लिहून द्यायचं?" रंगरावांनी विचारलं.

"चोरलं असं नाही, आबा," योगिनी म्हणाली. "न विचारता घेतलं आणि छापलं."

"गावाकडं त्याला चोरलंच म्हणत्यात."

पंचक्रोशीत ज्यांनी लोकांच्या बांधांची भांडणं मिटवली, ते रंगराव दोन दिवस घरात टिकेनात. इंद्रायणीच्या काठाने चकरा मारून आले. यशोदाबाईंनी आपल्या परीने धीर दिला. लग्नात आपल्या माहेरून आलेली पितळी घागर यांनी न विचारता बहिणीला दिली होती, तेव्हा कुठे प्रतिज्ञापत्र लागलं होतं, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी रंगराव अंघोळ करून, टोपी घालून बैठकीत येऊन बसले. सुनेसाठी चोर व्हायची त्यांची तयारी झाली होती. एकदा तयारी झाल्यावर त्यात त्यांना थोडी गोडीही वाटू लागली होती. फ्रिजवरून कागद कसा उचलला, घरात कुणी नाही हे कसं पाहिलं, असं ते न विचारता सांगू लागले.

तेवढ्यात योगिनीने विरोधाच्या अर्जातला दुसरा फोटो उघडला. त्यात चौकातल्या सत्काराच्या वेळी त्याच फ्लेक्सखाली स्वरूपा उभी होती. अंगावर शाल, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर हसू.

"ही संमती नसलेली बाई वाटत नाही," योगिनी म्हणाली.

"शाल अंगावर पडली की माणूस हसतंच, मॅडम," स्वरूपा म्हणाली. "मला फ्लेक्स त्या दिवशी तिथे गेल्यावरच दिसला."

"खरं असेल. पण पेटंटच्या साहेबांना दात दिसणार."

प्रतिज्ञापत्राची वाट तिथेच बंद झाली. रंगराव टोपी काढून बसले. इतक्या कष्टाने पत्करलेली चोरीसुद्धा कुणी घेईना, याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

स्वरूपा मात्र फोटो मोठा करत राहिली. आपलं हसू ओढूनताणून आणलेलं आहे असं कुठून तरी सिद्ध होतंय का, हे तिला बघायचं होतं. हसू चांगलं मनापासूनचं निघालं. पण फोटो सरकवताना तिच्या खांद्यामागचा फ्लेक्स पडद्यावर आला आणि ती थांबली. पहिला चौकोन होता. दुसरा होता. चौथा होता. तिसऱ्याच्या जागी फेटा बांधलेले, भरघोस मिशांचे दादासाहेब होते.

दादासाहेब म्हणजे महापालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत इच्छुक असलेले गृहस्थ. रंगरावांनी त्यांना खालच्या रांगेत, भजनी मंडळाच्या पेटीवाल्याशेजारी जागा दिली होती. दादासाहेबांच्या कार्यकर्त्यांना हे माप रुचलं नाही. छपाईआधी ते परस्पर दुकानात गेले आणि साहेबांना वर काढून तिप्पट करून आले. रंगरावांनी तेव्हापासून दादासाहेबांशी बोलणं टाकलं होतं.

स्वरूपाने एहसानला फोन लावला. त्याला सगळं आठवत होतं. फ्लेक्स एकच छापला होता, दुसरा नाही.

"जागा कुठं होती, भाभी?" तो म्हणाला. "वर देव, खाली काका, डावीकडं तुम्ही. मधी त्या चौकटी होत्या. त्या कोण वाचणार होतं?"

योगिनी खुर्चीतून उठलीच. ज्या फ्लेक्सवर शोधाचा जीवच दिसत नाही, त्याने शोध उघड केला असं कसं म्हणणार? पण फोटो धूसर होता. समोरचा वकील म्हणणार, कडेने चौकोन वाचता येत होता. अस्सल फ्लेक्स हवा. तो कुठे गेला असेल?

"कुठं जातोय," यशोदाबाई म्हणाल्या. "माझ्या गवऱ्यांवर हाय."

मोशीतला कोणताही फ्लेक्स शेवटी कशावर तरी पांघरूण म्हणूनच जगतो. हा तीन पावसाळे परसातल्या गवऱ्या झाकून होता. दुसरी ताडपत्री आल्याशिवाय यशोदाबाई त्याला हात लावू देईनात. ताडपत्री आली. मग रंगरावांनी नळीचं पाणी मारून फ्लेक्स धुतला. स्वतःचा चेहरा आणि सुनेचा चेहरा त्यांनी हलक्या हाताने पुसला. दादासाहेबांपाशी आल्यावर क्षणभर थांबले, आणि मग त्यांनाही पुसलं. साबण लावून.

सुनावणी व्हिडिओवर होती. स्वरूपा आणि योगिनी बैठकीत लॅपटॉपसमोर बसल्या आणि कॅमेऱ्याबाहेर फ्लेक्सची एक बाजू रंगराव, दुसरी यशोदाबाई धरून तयार राहिले. पडद्यावर पेटंट कार्यालयाचे अधिकारी होते, कोरड्या चेहऱ्याचे. दुसऱ्या चौकटीत कंपनीचे वकील आणि त्यांचे तांत्रिक तज्ज्ञ. कामकाज इंग्रजीत चाललं, त्यामुळे रंगरावांना सगळ्यांच्या चेहऱ्यांवरूनच निकाल काढावा लागत होता, आणि तो ते दर दोन मिनिटांनी बदलत होते.

वकिलांनी बराच वेळ घेतला. सार एवढंच होतं की भर चौकात, हमरस्त्यावर, हजारो लोकांसमोर हा शोध टांगला गेला आणि या क्षेत्रातल्या कुणालाही तो बघून समजला असता. तज्ज्ञांनी मान डोलावली. आपण फ्लेक्सचा बारकाईने अभ्यास केला आहे, असं ते म्हणाले.

"मग तिसऱ्या चौकोनातला टप्पा काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

तज्ज्ञांनी धडाधड सांगितलं. कोणता निरोप तोडायचा हे आधीच ठरवणं, त्याला आधी कल्पना देणं, सगळं. एक शब्द चुकला नाही. वकील समाधानाने मागे टेकले.

योगिनीने फ्लेक्स पुढे आणायची खूण केली. रंगराव आणि यशोदाबाई तो घेऊन कॅमेऱ्यासमोर आले, आणि अधिकाऱ्यांच्या पडद्यावर एकदम मोशी उभी राहिली.

"हे फ्लेक्सवर कुठे लिहिलंय ते दाखवा," अधिकारी तज्ज्ञांना म्हणाले.

तज्ज्ञ पुढे वाकले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. रंगरावांना भाषा कळली नाही तरी अडचण कळली, आणि मदत म्हणून त्यांनी फ्लेक्स आणखी जवळ नेला. आता पडद्यावर नुसत्या मिशा होत्या.

"या गृहस्थांच्या मागे असावं," तज्ज्ञ म्हणाले.

"मागचं तुम्हाला कसं दिसलं?"

तज्ज्ञांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. सगळ्यांत वर स्वरूपाचाच अर्ज होता. तिसरा टप्पा तज्ज्ञांनी तिथून पाठ केला होता हे सांगायची कुणाला गरज उरली नाही.

वकील जुने खेळाडू होते. त्यांनी लगेच सूर बदलला. चौकोन झाकलेला असला म्हणून काय झालं, बाकीचे तीन बघून कुणीही जाणकार तो भरू शकला असता, असं ते म्हणाले. अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं. हा मुद्दा पोकळ नव्हता.

उत्तर योगिनी देणार होती, पण स्वरूपाने माइक स्वतःकडे ओढला.

"सर, हा चौक पुणे–नाशिक रस्त्यावर आहे," ती म्हणाली. "यांच्या कंपनीच्या बसेस दोन्ही वेळा इथूनच चाकणला जातात. यांचे सगळे जाणकार फ्लेक्स लागला तेव्हा याच्यासमोर सिग्नलला थांबत होते. तरी त्यानंतरच्या वर्षी यांनी बाजारात काय आणलं? तातडीचा निरोप रांगेत पुढे सरकवायचा, ही जुनीच पद्धत. यांचं माहितीपत्रक मी सोबत जोडलंय. बघून सुचण्यासारखं असतं तर यांना का नाही सुचलं?"

अधिकाऱ्यांनी माहितीपत्रक उघडलं, वाचलं, आणि चष्म्यावरून वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी लेखी म्हणणं मांडायला मुदत मागितली. त्यांच्या आवाजावरून रंगरावांनी या वेळी निकाल बरोबर काढला आणि आपली बाजू सोडून थेट सुनेच्या पाठीवर थाप मारली. अर्धा फ्लेक्स योगिनीच्या डोक्यावर आला.

महिन्याभराने आदेश आला. विरोध फेटाळला होता, पेटंट मंजूर झालं होतं. गाड्या बनवणाऱ्या कंपनीने त्याच दिवशी फोन केला. दुसऱ्याच आठवड्यात, विरोध करणाऱ्या बड्या कंपनीचंही अतिशय नम्र पत्र आलं. ही पद्धत आपल्याला वापरायची असून त्यासाठी रीतसर परवाना कोणत्या अटींवर मिळेल, असं त्यांनी विचारलं होतं. स्वरूपाने त्यांना सवडीने उत्तर द्यायचं ठरवलं. तिच्या मते त्या पत्रात तातडीचं काही नव्हतं.

नवल वेगळंच होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता. पेढे नाहीत, ढोल नाही, चौकात काही नाही. स्वरूपाने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी दादासाहेब स्वतः घरी आले. आपला चेहरा सरकारदरबारी दाखवला गेला एवढं त्यांना एहसानकडून कळलं होतं, पुढचं ऐकायचं होतं.

"मग काय झालं, रंगराव?" त्यांनी विचारलं.

"कशाचं?"

"सूनबाईंच्या त्या कामाचं."

"काम चाललंय की," रंगराव म्हणाले आणि छताकडे बघत बसले.

आतून स्वरूपा बाहेर आली. "सांगा ना, आबा. आता सांगायला काही हरकत नाही. पेटंट मिळालं की सगळं उघडच असतं, कुणीही वाचू शकतं."

रंगरावांनी सुनेकडे पाहिलं, दादासाहेबांकडे पाहिलं, आणि मान हलवली.

"तोंडी नगं, पोरी. मागल्या टायमाला तोंडीबी इचारलं न्हवतं, त्याचं काय झालं बघितलंस ना. लेखी दे."

स्वरूपा हसली. पण सासरे हसत नव्हते. तिने कोपऱ्यातला कागद घेतला, माझा शोध कुणालाही सांगण्यास सासऱ्यांना माझी पूर्ण संमती आहे असं लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. रंगरावांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला, वरून एकदा चाचपला. मग पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"यशोदे, च्या टाक," त्यांनी आत हाक दिली. "आन् सैपाकबी जास्तीचा धर. दादासाहेब आता जेवूनच जातील."