सेतुमाधवरावांची पाठपाहणी

सेतुमाधवरावांच्या हाती कोणतीही वस्तू दिली, की ते ती प्रथम उलटी करीत. मद्रासच्या मैलापुरातल्या आमच्या गल्लीला हे पाठ झाले होते. उपाहारगृहात इडलीची खालची बाजू पाहिल्यावाचून ते तिला सांबार लावीत नसत. एकदा गल्लीत मुलगी पाहायला आलेल्या वराला ते म्हणाले, "तंबी, जरा फिरून उभे ऱ्हा पाहूं," आणि तो बिचारा खरोखरच फिरला! देवळातल्या अर्चकांनी तर हातच जोडले होते, "रावजी, देवी अम्मनला मात्र आम्ही वळवणार नाही."

"शास्त्रीबोवा," ते मला सांगत, "पुढून अस्के गोड, सारेंच गोड. खरं काय तें पाठ सांगती."

ही दृष्टी त्यांना जपानी नेत्सुक्यांनी दिली. नोकरी बंदरावरच्या कचेरीत. रविवार मूर मार्केटातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत. पूर्वी जपानी पोशाखाला खिसा नसे. बटवा कमरपट्ट्यातून दोरीने लोंबे, आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला सुपारीएवढी कोरीव आकृती अडकवीत. तीच नेत्सुके. रावजींनी जमवलेल्यांत होते हस्तिदंती उंदीर, लाकडी कासव, पोट धरून हसणारा हस्तिदंती संन्यासी. कमरेशी ती कशीही फिरे, म्हणून कारागीर तिची पाठ आणि तळही मुखाइतक्याच निगुतीने कोरी.

घरात दोघेच. पत्नी गोदावरीबाईंची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेली होती. नवरात्रात आमच्याकडे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्यांचा कोलू मांडतात. त्यांच्या घरचा तेव्हापासून बंद पडला होता.

एका भाद्रपदात रावजी नेत्सुक्यांचा डबा घेऊन माझ्या दारी उभे राहिले. "यंदा कोलू मांडतों म्हणतों. ह्यांना पायरी मिळेल कां, तुमी सांगा. कामाक्षीबाई म्हणती, हाडं-दातं देवीपुढं ठेवलींत तर अमी प्रसादाचं सुंडल खायला यायचों नाहीं."

गल्लीतल्या बायकांत कामाक्षीबाईंचा शब्द चाले; त्या न आल्या, तर एकही सवाष्ण येणार नव्हती.

"आणि कोणी नाहीं आलं," रावजी हळूच म्हणाले, "तर आमची ही पुन्हां कोलूचं नांव काढायची नाहीं."

मी ग्रंथ पाहून निर्णय दिला, "हस्तिदंताची शुद्धी शास्त्रात सांगितलेली आहे. पांढरी मोहरी वाटून घासा."

"आणि कासव?"

"लाकडाला प्रोक्षण पुरे."

दुसऱ्या दिवशी रावजींच्या ओसरीवर उंदीर आणि संन्यासी मोहरी फासून उन्हात बसले होते, आणि चुलीवर फोडणी नसताना सारी गल्ली ठसकत होती. शेवटी नवरात्राच्या पहिल्या दिवशी कामाक्षीबाई आल्या. त्यांनी उंदराचा वास घेतला, समाधान पावल्या आणि इतर बायकांना हाक मारली.

त्या संध्याकाळी आरतीसाठी मीही गेलो. गोदावरीबाई पायऱ्यांशी बसल्या होत्या.

"गोदे, तुला तर दिसत नाहीं," कामाक्षीबाई म्हणाल्या. "कोलू दाखवणार कोण?"

"मीच." त्यांनी चाचपून उंदीर उचलला. "ह्याच्या पोटाखालीं बोट लाव."

"अय्यो! पिल्लू आहे की!"

"संन्याशाच्या पाठीवर ठिगळ आहे, तें पाहिलंस? घरच्या मातीच्या बाहुल्या पुढून राणी, मागून भिंत. बोटांना कांहीं कळायचं नाहीं. ह्या मला चहूंकडून दिसती."

बायका एकमेकींच्या हातून नेत्सुकी ओढून उलटी करू लागल्या. गोदावरीबाई हसत एकेकीचे बोट योग्य जागी नेऊन ठेवीत होत्या. ज्या छंदाला आम्ही इतकी वर्षे हसलो, तो कोणाच्या बोटांसाठी होता, हे तेव्हा मला उमगले.

मी रावजींकडे पाहिले. ते कोपऱ्यात सर्वांकडे पाठ करून, नीट जळत असलेल्या समईची वात पुन्हा पुन्हा सारीत होते. खांदे किंचित हलत होते.

"अहो, कासव कुठं ठेवलंत?" गोदावरीबाईंनी विचारले.

"तुझ्या डाव्या हाताशीं," रावजी म्हणाले. पण वळले नाहीत.

मीही त्यांना फिरून उभे राहायला सांगितले नाही.