मिसबाची पेशी

मिसबाने मैत्रिणीला, तनुजाला, फोनवर ठणकावून सांगितलं, "शुक्रवारी माझ्या पेशी अशा चमकतील, की समितीला गॉगल लावून बसावं लागेल."

पेशीत कॅल्शियम वाढलं की हिरवा उजेड देणारा सेन्सर तिने चार वर्षं खपून पेशींच्या आत बसवला होता. शुक्रवारी तो चमकला नाही, तर पीएच.डी. गुंडाळून घरी बसायचं, हेही ठरलं होतं.

"मागच्या सगळ्या मेल्या कशा गं?" तनुजाने विचारलं.

"मीच मारल्या. रविवारी खायला घालायचं विसरले."

फोन स्पीकरवर होता आणि कसबा पेठेतल्या त्या घरात ओट्यापासून कॉटपर्यंत चार पावलांचं अंतर. ओट्याशी अम्मी, म्हणजे हुस्नबानू, कांदा चिरत होती. या घरात 'पेशी' शब्दाचा एकच अर्थ चाले: कोर्टातली तारीख. मामूंच्या दुकानाच्या खटल्याच्या पेश्या मिसबाच्या जन्माआधीपासून चालू होत्या. त्यामुळे अम्मीला कळलं ते एवढंच, की पोरीने काहीजणींना उपाशी मारलंय आणि शुक्रवारी पेशी आहे.

अम्मी ओरडली नाही. तिने कांदा पुरता चिरला, हात धुतले आणि मामूंच्या शहाबाज वकिलांना फोन लावला.

शुक्रवारी प्रयोगशाळेत अंधार केलेला. पडद्यावर पेशी. मिसबाने कॅल्शियम वाढवणाऱ्या औषधाचा थेंब सोडला. पेशी ढिम्म. आणखी एक थेंब. पेशी त्याहून ढिम्म.

"चमकतायत का?" समितीच्या भाग्यश्री मॅडमनी विचारलं. "म्हणजे मी चष्मा बदलून घेते."

तेवढ्यात दार उघडलं. मिसबाचा घरापासून माग काढत आलेले दोघं: काळ्या कोटात शहाबाज, मागे डबा घेऊन अम्मी.

"माझ्या अशिलाने गुन्हा कबूल केलेला नाही," शहाबाज म्हणाले.

"केलाय," अम्मी कुजबुजली. "फोनवर."

"आपण कोण?" मॅडम.

"बचाव पक्ष," म्हणत शहाबाजांनी सवयीने टेबलावर मूठ आपटली.

टेबल हादरलं, सूक्ष्मदर्शक हादरला, पेशी हादरल्या. आणि हादरलेल्या पेशीत कॅल्शियम वाढतं. पडदा या कडेपासून त्या कडेपर्यंत हिरवागार झाला.

अम्मीने पडद्याकडे बोट केलं. "याच का त्या पेशी?"

"हो, अम्मी."

"जिवंत दिसतायत."

"आहेत."

"मग केस कसली?"

मॅडम समितीशी हळू आवाजात बोलल्या आणि वळल्या. "सेन्सर उत्तम चालतो. औषध चालत नाही. आणि प्रबंधात 'वकिलाची मूठ' लिहिता येत नाही. सहा महिने देतोय, पुन्हा दाखव."

मिसबाचा चेहरा उतरला. शहाबाजांचा मात्र फुलला. "तारीख मिळाली, आपा!"

अम्मीने डबा उघडून आधी मॅडमच्या हातावर शिरखुर्म्याची वाटी ठेवली. "सहाच महिन्यांची? आमच्या भावाला इतकी जवळची तारीख आजवर कधी मिळाली नाही."