दगडूतात्यांचा नववा ठोका

दर आठ ठोक्यांनंतर दगडूतात्या टिपरू डोक्याच्या वर न्यायचे आणि तिथंच धरून ठेवायचे. वाजवायचे नाहीत. हा त्यांचा नववा ठोका. तेवढ्या वेळात बँडमधले बाराजण वाद्यं तोंडाला लावून ताटकळायचे, नाचणाऱ्यांचे हात हवेत राहायचे, आणि ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकायला शिकवलेला नवरदेवाचा घोडा तीन पायांवर उभा राहायचा. मग तात्या टिपरू हाणायचे आणि जग पुन्हा सुरू व्हायचं.

हे सगळं मी ऐकून होते, पाहिलेलं नव्हतं. आमचे हे गेल्यावर भोरचा आमचा बँड मी चालवायला घेतला, पण मिरवणुकीबरोबर कधी गेले नाही. त्या काळी बाई बँडबरोबर चालली असती तर लोकांनी नवरदेव सोडून तिच्याकडेच पाहिलं असतं. मी घरी बसून याद्या करी. कुठल्या गावाला कोण जाणार, कुणाच्या कोटाचं बटण तुटलंय, कोणती एस.टी. धरायची. मंडळी परत आली की तक्रारी उतरवून घेई.

तक्रारींची यादी जवळजवळ सगळी तात्यांचीच असे. नवरीच्या मामाचा पाय मुरगळला : नववा ठोका. करवलीच्या डोक्यावरचा कलश पडला : नववा ठोका. मुहूर्त टळत आला, भटजी स्वतः घोडा ओढत मांडवात आले : नववा ठोका.

मी तात्यांना बोलावून घ्यायची. ते दाराशी उभे राहून बोटांनी चौकटीवर ताल धरायचे.

"वैनी, हे पुढचं संगीत हाय. पुण्यापोत्तर आलंय. कात्रजचा घाट उतरायचं ऱ्हायलंय."

"तुम्ही ऐकलंत पुण्यात?"

"ऐकलं न्हाई. पर असनार."

"तात्या, माझ्यासाठी तेवढा एक ठोका सोडा."

"सोडतोच की! तीच तर लोकांची तक्रार हाय."

पुढचं संगीत एका ढोलात मावेना, म्हणून त्यांनी सामान वाढवलं. आधी ढोलाच्या कडेला सायकलची घंटी बसवली. मग कमरेला एक घमेलं बांधलं. मग डाव्या पायात घुंगरू. एस.टी.च्या कंडक्टरनं एकदा विचारलं, "तात्या, भांड्याचं दुकान टाकताय का?" तात्यांनी सीटच्या पाठीवर बोटं वाजवत गंभीरपणे सांगितलं, "टाकलंय. चालतं दुकान हाय."

त्यांनी स्वतःची एक चालही बसवली होती. ती एकदा सुरू झाली की मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत पुरायची, आणि मांडव जवळ असला तर सगळ्यांना गावाला आणखी एक वेढा घालावा लागायचा. मधेच ती इतकी संथ व्हायची की वऱ्हाडी बसून घ्यायचे. तरी मी त्यांना ठेवलं, कारण ढोलाचं कातडं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. हात लावून सांगायचे, "हे ऊन मागतंय," आणि ढोल अंगणात नेऊन पापड वाळवावेत तसा फिरवत बसायचे.

क्लॅरिनेट वाजवायला नामदेव होता. तो आणि तात्या एकाच वर्षी बँडात आले आणि त्या वर्षीपासून भांडत होते. नामदेव काटकुळा, जिभेचा तिखट. त्याला दम लागतो, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. माझ्या ओट्याच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबायचा. एका लग्नात चढावर तो क्लॅरिनेट मांडीवर घेऊन मटकन खालीच बसला. मी यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि कोंडेगव्हाणातला एक तरणा पोरगा घेतला. नामदेव बँडची टोपी ओट्यावर ठेवून गेला. मला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

आणि नवल म्हणजे त्या दिवसापासून तात्या सरळ वाजवू लागले! आठ झाले की पुन्हा एक. एकही तक्रार नाही. कुठल्या मामाचा पाय नाही, कुठला कलश नाही. घोडासुद्धा अंगानं भरला म्हणे. महिनाभर मी खुशीत होते. माणूस सुधारला, असं शेजारीपाजारी सांगूनही आले.

महिन्याअखेर तात्या आले. बँडचा कोट घडी करून माझ्यापुढं ठेवला.

"वेल्ह्याच्या बँडात चाललो, वैनी."

मी उडालेच. वेल्ह्याचा बँड म्हणजे एकाचा कोट लाल तर दुसऱ्याचा हिरवा, आणि ट्रंपेटला सुतळी गुंडाळलेली.

"का पण?"

"तुमचा बँड लई सरळ झाला. झोप येती."

घमेलं, घंटी घेऊन ते गेले. ऐन वैशाखात माझ्याकडे ढोलवाला नाही. नवीन धरलेला माणूस इतका जोरात निघाला की नवरदेव आणि बँड वेगवेगळ्या वेळी मांडवात पोचले. दोन गावांनी निरोप पाठवला, दगडूतात्या नसतील तर येऊ नका. ज्यांनी त्यांच्या तक्रारी केल्या होत्या, तीच ही गावं. असंच चाललं असतं तर पुढच्या लग्नसराईला माझा बँड उरला नसता.

वेल्ह्याचा बँड कामथडीला आहे, असं कळलं. मी काय बोलायचं ते लिहूनच घेतलं. नवा कोट देईन. घमेल्याला हरकत नाही. नववा ठोका चालेल, फक्त मांडवापासून लांब. आणि सकाळची एस.टी. धरली.

देवळापासून नवरदेव निघाला होता. आठ ठोके झाले, टिपरू वर गेलं, घोडा तीन पायांवर. इतकी वर्षं नुसतं कागदावर लिहिलेलं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला.

मग पुढच्या रांगेत नामदेव दिसला. तो इथं आहे हे मला ठाऊक नव्हतं. टिपरू वर गेलं की तो ओठांवरून क्लॅरिनेट काढायचा, मान वळवायचा, त्याचे खांदे वर यायचे. तात्यांचं लक्ष ढोलाकडे नव्हतं, घोड्याकडे तर नव्हतंच. ते त्या खांद्यांकडे पाहत होते. खांदे खाली आले की टिपरू खाली. कधी लवकर, कधी उशिरा. तो ठोका मोजलेला नव्हताच.

लग्न लागल्यावर तात्या लिंबाखाली भेटले.

"वैनी! हितं काय काम काढलं?"

"बहिणीकडे आले होते."

"तुमची बहीन तर सासवडला."

"हो," मी म्हणाले. कागद पिशवीतच राहिला. मग विचारलं, "त्याला ठाऊक आहे?"

तात्या टिपरू पुसत राहिले. "न्हाई. तुमीबी बोलू नका. एवढी लगनसराई बगू म्हनलेत हितले मालक. गानं पुरं केलं तर ठेवनार हायती त्याला."

तेवढ्यात नामदेव आलाच. मला पाहून चमकला, मग जीभ सुटली.

"बरं झालं आलात, वैनी. न्या ह्या येड्याला माघारी. आट झालं की हारवतो. दर बारीला म्या थांबतो ह्याच्यासाटी, म्हनून निभतंय. न्हाईतर कवाच हाकलला असता मालकानं."

"व्हय रं बाबा," तात्या म्हणाले. "तुज्यामुळंच निभतंय. चल, पंगत बसली."

पंगत वरच्या आळीत होती. नामदेव बडबडत पुढं, तात्या पाठीवर ढोल घेऊन मागं. अर्ध्या चढावर नामदेवची बडबड थांबली आणि तोही थांबला. तात्यांनी लगेच ढोल खाली उतरवला आणि वाकून दोऱ्या आवळायला घेतल्या.

एकही दोरी सैल नव्हती. तात्या मात्र एकेक दोरी सावकाश ओढून पाहत राहिले, नामदेव पुन्हा चालू लागेपर्यंत.