वीस मिनिटं हात लावू नये

बंद पडलेल्या यंत्राची दोरी ओढण्याचा अधिकार प्रत्येक प्रौढ पुरुषाला जन्मतःच मिळालेला असतो. त्यासाठी यंत्राची माहिती असणं आवश्यक नाही (असल्यास हरकत नाही, पण ती बहुधा कामात व्यत्यय आणते). ज्याने आयुष्यात घरातला बल्बसुद्धा बदललेला नाही, तोही चालू न होणारं यंत्र दिसलं की बाह्या सरसावतो आणि म्हणतो, "सरका, मी बघतो." या एका वाक्यावर सुसंस्कृत समाजाचा बराचसा डोलारा उभा आहे.

प्रस्तुत कथेतले साहेब तक्रार निवारण कार्यालयातून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एकही तक्रार घाईने निवारली नाही. आलेला कागद पडू द्यायचा, पडून पडून त्याची धग गेली की मग हातात घ्यायचा, हा त्यांचा पहिला नियम. निम्म्याहून अधिक तक्रारी तेवढ्या अवधीत आपणहून मिटत (काही वेळा तक्रारदारही). नवा अर्जदार आला की मागचं सगळं विसरून प्रक्रिया पहिल्या पायरीपासून सुरू करायची, हा दुसरा नियम. निवृत्त होताना त्यांनी यातला पहिला नियम घरी आणला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्यांनी दुसरा आणला.

मंगळवारी पहाटेच्या वाऱ्यात गल्लीच्या तोंडाशी असलेलं झाड आडवं झालं. गल्लीत आठ घरं, आत यायचा रस्ता एकच. एरवी लोकांनी पाय वर करून खोड ओलांडलं असतं आणि महिनाभर त्याच्यावर बसून गप्पा मारल्या असत्या. पण त्याच दिवशी बारा वाजता साहेबांच्या सासूबाई इस्पितळातून घरी यायच्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहाच दिवस झालेले. गाडी दारापर्यंत आली नाही तर दोनशे पावलं चालणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. शिवाय सासूबाई ही साहेबांना कर्तबगार समजणारी कुटुंबातली एकमेव व्यक्ती होती (त्या आजवर दुसऱ्या गावी राहत). आता त्या कायमच्या राहायला येत होत्या, आणि पहिल्याच दिवशी त्यांचा गैरसमज दूर होऊ नये, असं साहेबांना अगदी मनापासून वाटत होतं.

मेहुण्याचा धंदा पंप आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करण्याचा. सकाळी सातलाच तो पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन हजर झाला. "मीच कापून जातो," म्हणाला.

"तू आईंना घेऊन ये," साहेब म्हणाले. "झाडाचं मी बघतो."

"मग नीट ऐका भाऊजी. मशीन थंड आहे. चोक बाहेर ओढा, दोन-तीनदा दोरी मारा. फुर्र झालं की चोक आत. चोक बाहेर ठेवून ओढत बसलात तर पेट्रोल चढेल, आणि मग ती ऐकायची नाही."

"अरे, मला काय एवढंही कळत नाही?"

नात्याचा मान राखून मेहुणा गाडीत बसला आणि इस्पितळाकडे निघाला.

नऊ वाजता साहेबांनी करवत जमिनीवर ठेवली, तिच्या मुठीत बूट रोवला आणि दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला फुर्र झालं. साहेबांना इतका आनंद झाला की चोक बाहेरच राहिला. पुढच्या नऊ हिसक्यांना यंत्राने काहीही उत्तर दिलं नाही, फक्त पेट्रोलचा वास सोडला. तो वास शेजारपाजारच्या पुरुषवर्गापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

पहिले आले दंतवैद्य. "सरका, मी बघतो." नवा अर्जदार आल्यामुळे साहेबांनी प्रक्रिया पहिल्या पायरीपासून सुरू केली: चोक बाहेर. मग आला विमा एजंट. चोक बाहेर. मग बेकरीवाला. चोक बाहेर. प्रत्येकाला अगदी कोरी, निःपक्षपाती संधी मिळावी याची साहेबांनी जातीने काळजी घेतली, आणि प्रत्येक संधीबरोबर करवतीच्या पोटात थोडं थोडं पेट्रोल साचत गेलं. साहेबांच्या पत्नीने व्हरांड्यात लसूण सोलता सोलता मोजलेली साडेदहापर्यंतची आकडेवारी अशी: साहेब, बारा. दंतवैद्य, नऊ (उपटण्याशी व्यावसायिक संबंध असल्याने त्यांच्याकडून अपेक्षा अधिक होत्या). विमा एजंट, सहा, पैकी दोन बोलता बोलता. बेकरीवाला, चौदा. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, हिसका एकही नाही, सूचना एकतीस.

शेवटी पत्नीनेच भावाला फोन लावून साहेबांच्या हातात दिला.

"पेट्रोल चढलंय," पलीकडून मेहुणा म्हणाला. "किती वेळा ओढली?"

"तीन-चार वेळा."

"एक्केचाळीस," पत्नी मागून म्हणाली.

"कोण एक्केचाळीस म्हणालं?"

"रेडिओ चालू आहे," साहेब म्हणाले.

"बरं. आता चोक आत ढकला आणि वीस मिनिटं कोणी हात लावू नका. काहीच करायचं नाही. मग रेस पूर्ण दाबून ओढा, लागेल सुरू."

वरकरणी हा उपाय सोपा वाटतो. वास्तविक मानवजातीला सांगितलेला इतका कठीण उपाय दुसरा नसेल. माणूस कडू औषध पितो, उपाशी राहतो, पोटावर टाके घालून घेतो. पण चार माणसं बघत असताना बंद यंत्राशेजारी वीस मिनिटं हात बांधून उभं राहा म्हटलं की त्याचा जीव कासावीस होतो.

पहिला प्रयत्न तिसऱ्या मिनिटाला संपला. "तोवर प्लग तरी पुसून ठेवू," असं दंतवैद्य म्हणाले. त्यांनी तो रुमालाने फार निगुतीने पुसला, परत बसवला, आणि नीट बसला का हे पाहायला दोनदा दोरी ओढली (चोक बाहेर, प्लग नव्याने बसवला होता ना). दुसरा प्रयत्न सात मिनिटं टिकला. बेकरीवाल्याच्या मते त्याने फक्त "दोरी अडकत तर नाही ना" एवढंच पाहिलं. पाच वेळा पाहिलं.

तेव्हा साहेबांनी सगळ्यांना मागे सारलं आणि स्वतः पहारा द्यायला खोडावर बसले. त्यांच्याइतका पात्र पहारेकरी शोधून सापडला नसता. एकाच फायलीशेजारी त्यांनी अकरा वर्षं काढली होती, तिच्या नाडीला बोट न लावता. पण फाईल कोणाच्या सासूबाईंच्या वाटेत पडलेली नव्हती. साडेअकरा वाजले, पावणेबारा झाले. गाडीतून वाकून बघणारा तो चेहरा साहेबांच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यांना स्वतःची खरोखर लाज वाटली. चौदाव्या मिनिटाला, सगळे मास्तरांची बत्तिसावी सूचना ऐकत असताना, त्यांनी हळूच चोक ओढला आणि अगदी हळूच दोरी ओढली. एकदाच. मग आणखी तीनदा.

बारा वाजता गाडी खोडापलीकडे येऊन थांबली. पुढच्या सीटवर पाय लांब करून सासूबाई. मेहुण्याने खोडाकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, भाऊजींच्या लालबुंद तळहाताकडे पाहिलं आणि खाली वाकून चोक आत ढकलला. तो पुढे काही म्हणणार, एवढ्यात सगळ्या पुरुषवर्गाला गुडघा दिसला.

करवत होती तिथेच राहिली. दंतवैद्यांनी गुडघ्यावर बर्फ सुचवला, बेकरीवाल्याने शेक. विमा एजंटाच्या मावशीचा असाच गुडघा होता आणि त्याचं पुढे काय झालं हे त्याने सविस्तर सांगितलं. मास्तरांनी पाय क्लचवर ठेवल्यासारखा हळूहळू सोडायला सांगितला. सासूबाईंनी पदर सावरून सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गुडघ्याला हात मात्र कोणालाच लावू दिला नाही. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी मेहुणा हळूच म्हणाला, "भाऊजी, रेस दाबून एकदा ओढा बरं."

साहेबांनी ओढली. करवत सुरू झाली.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" गाडीतून सासूबाई लेकाला म्हणाल्या. "जावयांनी हात लावला की काम झालंच." साहेबांचे डोळे पाणावले (कारण पेट्रोलचा धूर, अशी अधिकृत नोंद आहे). दहा मिनिटांत खोडाचे तुकडे झाले आणि गाडी दारापाशी गेली.

यंत्र कोणामुळे सुरू झालं याविषयी सध्या चार दावे विचाराधीन आहेत. दंतवैद्यांच्या मते प्लग पुसल्यामुळे. बेकरीवाल्याच्या मते त्याच्या हिसक्यांनी यंत्र "ढिलं झालं" होतं. मास्तरांच्या मते बत्तिसाव्या सूचनेमुळे, आणि सासूबाईंच्या मते अर्थातच जावयांमुळे. नुसतं पडून राहिल्यामुळे ते सुरू झालं, असा दावा करायला कोणीही पुढे आलेलं नाही.

आपण हे वाचताना मनात हसलात आणि 'मी असतो तर वीस मिनिटं थांबलो असतो' असं म्हणालात, हे आमच्या लक्षात आलं आहे. मागच्या आठवड्यात आपण लिफ्टची वाट पाहत होतात. बटणाचा दिवा आधीच लागलेला होता. तरीही आपण ते पुन्हा दाबलंत, मग जरा जोरात दाबलंत, आणि लिफ्ट आली. अर्थात, आपण दाबलंत म्हणूनच आली.