लोकसहभागावर चालणारी बस

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे सरकावं. डुलकी आली तर शेजाऱ्याच्या खांद्यावर घ्या, पण कथा चुकवू नका. तेल वाचवण्याच्या पुण्यकर्मातून एका भल्या बाईंच्या पदरात काय पडलं, ते सांगतो. कीर्तनात बुवा म्हणतात, देव माणसाचा भाव बघतो. साहेब लोक फोटो बघतात. एवढा फरक ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल.

चित्रकलेच्या बाई शाळेत हंगामी होत्या. सुटी लागली की नोकरी संपायची, शाळा उघडली की पुन्हा लागायची. घरी सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून सध्या शिक्षिका आहे." त्यातला 'सध्या' बाईंना भाकरीतल्या खड्यासारखा लागायचा.

एके दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. "बाई, आपला देश परक्यांच्या तेलावर चालतो. तो तसा चालू नये म्हणून विद्यार्थ्यांना आणि जनतेला जागं करायचंय. वरून आदेश आलाय."

"पण सर, मी चित्रकला शिकवते."

"म्हणूनच तर. फलक कोण रंगवणार? शुक्रवारी तेलबचतीचे साहेब जातीने बघायला येतायत. ते खूश झाले तर तुम्हाला कायम करायचा विषय मी तिथल्या तिथे काढतो."

"आणि नाही झाले तर?"

"तर काय, तुम्ही हंगामी आहातच."

बाई जिद्दीने कामाला लागल्या. शाळेपुढच्या चौकात दिवा लाल झाला की मुलं फलक घेऊन गाड्यांसमोर उभी राहायची आणि इंजिन बंद करायची विनंती करायची. जो ऐकायचा नाही त्याला कुणी काही बोलायचं नाही. नुसतं हात जोडून त्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. मोठ्या माणसाला शिव्या पचतात, पण सातवीतली पोरगी हात जोडून टक लावून बघते ते पचत नाही. दोन दिवसांत चौक असा शांत झाला की लाल दिव्याला पाखरं ऐकू यायला लागली.

एकच गाडी या पुण्यकर्मातून सुटली होती. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची बस. तिचा स्टार्टर कधीच निजधामाला गेला होता. सकाळी आगारात चार जणांनी धक्का मारायचा, की संध्याकाळपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, असा तिचा नेम. म्हातारा दुरूनच दिव्याचा अंदाज घेऊन हिरव्यावर सटकायचा. शुक्रवारी मात्र दिवा नेमका त्याच्या तोंडावर लाल झाला. आणि समोर फलक घेऊन उभी कोण, तर त्याची सख्खी नात.

"आजोबा, इंजिन बंद."

"बाळा, हिला बंद करायचं नसतं."

"का?"

म्हाताऱ्याने मागे पाहिलं. भरल्या बसमध्ये आपल्या गाडीची अब्रू कोण वेशीवर टांगणार? "ती... रुसते."

"नियम सगळ्यांना सारखा. घरी तुम्हीच सांगता ना?" आणि नातीने हात जोडले.

मागून एक प्रवासी म्हणाला, "अहो, करा की बंद. एवढ्या मनापासून आम्ही देवालाही हात जोडत नाही."

म्हाताऱ्याने किल्ली फिरवली. बस गप्प झाली. बाईंचे डोळे भरून आले. मग दिवा हिरवा झाला आणि बस गप्पच राहिली.

मागे गाड्यांची रांग लागली. बस आता निघेल, मग निघेल, म्हणून सगळ्यांनी इंजिनं सुरू केली, आणि हॉर्नांनी चौक डोक्यावर घेतला. आठवडाभर थेंबे थेंबे साचवलेलं तळं धुराच्या वाटेने उडून चाललं. बाईंनी रांगेत पाहिलं, तर बसच्या अगदी मागे साहेबांची गाडी. तिचं इंजिन मुळात बंद झालंच नव्हतं. आत साहेबांना गारवा लागायचा.

बाई बसमध्ये चढल्या. "उतरा सगळे. धक्का मारायचाय."

"आम्ही तिकीट काढलंय, बाई."

"मग तिकीट हातात धरून मारा."

प्रवासी, मुलं, बाई, सगळे बसला भिडले. इतक्यात साहेब गारव्यातून उतरून घाम पुसू लागले आणि मुख्याध्यापक धापा टाकत पोचले.

"हे काय चाललंय?"

मुख्याध्यापकांनी श्वास घेतला. "लोकसहभाग, साहेब. तेलाचा थेंब न जाळता बस. विद्यार्थी आणि जनता, दोन्ही एकदम."

साहेबांचा चेहरा उजळला. "माझ्या डोक्यात अगदी हेच होतं." त्यांनी तापाने फणफणलेल्याच्या कपाळावर ठेवावा तसा एक हात बसवर ठेवला. फोटो निघाला, आणि त्याच क्षणी बस धडधडून सुरू झाली.

थंडावलेलं इंजिन नीट धरेपर्यंत आता ती थांबवता येईना. म्हातारा चौकाला घिरट्या घालू लागला आणि प्रवासी मागून पळू लागले. "थांबली की मेली," तो खिडकीतून ओरडला. "पळत चढा."

"काका, माझी पिशवी आत आहे."

"पिशवी सुखरूप आहे. तुम्ही तुमचं बघा."

साहेबांनी विचारलं, "ही गोल गोल का फिरतेय?"

"आभाराची फेरी, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंना मात्र राहवेना. सगळ्या कीर्तनांत खोट्याची फजिती ऐकत त्या वाढल्या होत्या. "साहेब, बसचा स्टार्टर बिघडलाय. आम्ही ती बंद करायला लावली म्हणून हा घोळ झाला. चूक माझी."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. बाईंनी मनातल्या मनात नोकरीवर पाणी सोडलं.

साहेबांनी फिरणाऱ्या बसकडे बोट दाखवलं. "म्हणजे स्टार्टरशिवाय चालते?"

"धक्का मारला तर."

"मग स्टार्टर हवाय कशाला?"

साहेबांच्या शब्दाला वजन होतं. बाई त्याच महिन्यात कायम झाल्या. म्हाताऱ्याने नवा स्टार्टर मागितला होता, त्याला आगारातून उत्तर मिळालं की सदर बस आता लोकसहभागावर चालते. रोज सकाळी ती चौकात बंद करायची आणि जनतेने ढकलायची, असं ठरलं. पुढाकार मोहीमप्रमुख म्हणून बाईंचा.

तर मंडळी, उद्या सकाळी देवासमोर उभे राहाल तेव्हा त्या बाईंची आठवण ठेवा. त्यांच्या वाटचाही एक नमस्कार घाला. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात बसला लागलेले असतात.